लंडनमधले पहिले चार आठवडे : कागद, खोली आणि रस्ते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की सप्टेंबरच्या सत्रासाठी लंडनला निघणाऱ्या मुलांची तयारी कोल्हापुरात घरोघरी दिसू लागते. महाद्वार रोडवरून बॅगा येतात, डंकावरून चटणी कुटून येते, बँकेत कर्जाची फाइल फिरत असते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, व्हिसा आणि कर्ज यांविषयी सांगणारे पुष्कळ आहेत. पण हीथ्रोवर उतरल्यानंतरचा महिना कसा घालवायचा, कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे सगळे ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडून दिले जाते. वर्षभर पुरणारी डोकेदुखी नेमकी त्याच महिन्यात अंगावर येते. आमचे म्हणणे इतकेच, की पहिले चार आठवडे कागद पुरे करायला आणि शहर पायाखाली घालायला राखून ठेवावेत, त्या महिन्याचा खर्च घरून द्यावा, आणि वर्षभराची खोली व नोकरी यांची घाई मुलावर लादू नये.

खर्चाचा अंदाज सरकारी आकड्यावरूनच येतो. नोव्हेंबर २०२५ पासून ब्रिटन सरकार लंडनमध्ये शिकणाऱ्यासाठी महिना १,५२९ पौंड, असे जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवायला सांगते. अनेक घरांत ही रक्कम व्हिसापुरती उभी करतात आणि मुलगा विमानात बसताच परत फिरवतात. मग पोचल्यापासून आठव्या दिवशी तो मिळेल त्या कामाच्या आणि मिळेल त्या खोलीच्या मागे लागतो. निदान पहिल्या दोन महिन्यांची रक्कम मुलाच्या हाताशी राहू द्यावी.

निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी इथेच उरकाव्यात. व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. पूर्वी राहण्याचा परवाना म्हणून मिळणारे बीआरपी कार्ड २०२४ अखेर बंद झाले. त्या खात्याला जो पासपोर्ट जोडला आहे त्याच पासपोर्टवर प्रवास करावा, आणि व्हिसा कोणत्या तारखेपासून लागू होतो ते पाहूनच तिकीट काढावे. त्या तारखेच्या आदल्या दिवशी उतरले तरी आत घेत नाहीत. भारतीय सिम बंद करू नये. आपल्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, त्यामुळे रोमिंग चालू करून, रिचार्ज भरून ते फोनमध्ये ठेवावे आणि तिथले सिम दुसऱ्या जागी घालावे. दातांचे काम इथेच करून घ्यावे, चष्म्याचे दोन जोड न्यावेत. तिथे दोन्हींचे वेगळे पैसे पडतात. आणि दुग्धजन्य किंवा मांसाचा कोणताही पदार्थ सामानात भरू नये. भारतातून असे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, तूप, सुके मटण यांतले काहीच नाही. कांदा-लसूण चटणी चालते, पण तिला तेल सुटते. दुहेरी पिशवी आणि वर घट्ट झाकणाचा डबा नसेल तर बॅगेतले सगळे कपडे तांबडे होतात.

रविवारी संध्याकाळी उतरू नये. इंग्लंडमध्ये मोठी दुकाने रविवारी सहा तासच उघडी ठेवता येतात, बहुतेक पाच-सहा वाजता बंद होतात. विद्यार्थी वसतिगृहात गादी असते, पांघरूण-उशी बहुधा नसते, आणि तिथली सप्टेंबरची रात्र आपल्या डिसेंबरसारखी असते. हातातल्या सामानात एक सोलापुरी चादर असली तर पहिली रात्र निभावते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उतरणे सर्वांत बरे.

हीथ्रोहून शहरात जायला तीन रेल्वे आहेत. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त, मध्य लंडनला तासाभरात पोचवते. पण डबे बुटके-अरुंद आहेत आणि जुन्या स्थानकांवर लिफ्ट नसते. २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन अरुंद जिन्यावर अडकलेला मुलगा हे सप्टेंबरमधले नेहमीचे दृश्य आहे. एलिझाबेथ लाइनचे भाडे जास्त, पण तिच्या सगळ्या स्थानकांवर पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येते. हीथ्रो एक्स्प्रेस सर्वांत वेगवान आणि सर्वांत महाग, विद्यार्थ्याला तिची गरज नाही. कुठे उतरायचे आणि तिथे लिफ्ट आहे का, हे निघण्याआधी ‘स्टेप-फ्री’ (बिनपायऱ्यांच्या वाटांच्या) नकाशावर पाहून ठेवावे.

आता खोलीविषयी. सर्वांत जास्त पैसा आणि मनस्ताप इथे जातो, म्हणून सविस्तर लिहितो. विद्यापीठाचे वसतिगृह मिळत असेल तर पहिल्या वर्षी तेच घ्यावे. नसेल तर दोन-तीन आठवड्यांची तात्पुरती सोय करून जावे आणि खोली डोळ्यांनी पाहून ठरवावी. कोल्हापुरात बसून फोटोंवर भुलून अनामत पाठवू नये. फोटो दुसऱ्याच घराचे असतात, ‘मालक’ परगावी असतो, किल्ली कुरिअरने येणार असते, आणि पैसे गेल्यावर फोन लागत नाही.

भाडे बहुतेकदा आठवड्यावर सांगतात. २०० पौंड म्हटल्यावर मुले चारने गुणून ८०० चा हिशेब धरतात. प्रत्यक्षात वर्षाचे ५२ आठवडे बारा महिन्यांत वाटले की महिना ८६६ पौंडांच्या वर जातो. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट यात धरले आहे का, हे लेखी विचारावे. खोली राखून ठेवण्यासाठी एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त रक्कम मागता येत नाही. अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, म्हणजे वरच्या उदाहरणात १,००० पौंड. शिवाय ती घेतल्यापासून ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करून तिचा दाखला भाडेकरूला द्यावा लागतो. फक्त मालक त्याच घरात राहत असेल आणि आपण त्याचे पोटभाडेकरू असू, तर हे योजनेचे संरक्षण मिळत नाही. ‘घरमालक मराठी आहेत, घरच्यासारखे राहायला मिळेल’ असे ऐकून जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

गाववाल्याच्या ओळखीने एका खोलीत तिघे-चौघे राहण्याची पद्धत सर्रास आहे. तिच्यामागची काटकसर आम्हाला कळते, तरी आम्ही तिच्या विरोधात आहोत. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा अधिक जण राहत असतील तर त्या घराला स्थानिक कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या पालिकेचा, परवाना लागतो. अशा परवान्याच्या घरात झोपायची खोली एका प्रौढासाठी किमान ६.५१ आणि दोघांसाठी १०.२२ चौरस मीटर हवी. कोणत्या घराला परवाना आहे याची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. जिथे भाडे रोखीने जाते आणि करार नसतो, तिथे पत्त्याचा पुरावा मिळत नाही. पुरावा नाही म्हणून बँक अडते. खाते नाही म्हणून पगार दुसऱ्याच्या खात्यात घ्यावा लागतो. दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवणे किंवा आपले दुसऱ्याच्या खात्यातून, दोन्ही महागात पडते. खाते गोठते आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते.

घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा कर, माफ होतो, पण आपोआप नाही. विद्यापीठाचा दाखला कौन्सिलला पाठवावा लागतो. घरात नोकरी करणारा एक जण जरी असला तरी बिल येते, म्हणून सोबती निवडतानाच हे विचारावे. खोली ताब्यात घेताना भिंती, खिडक्यांच्या कडा, गादी, गालिचा यांचे व्हिडिओ आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो त्याच दिवशी मालकाला ई-मेलने पाठवावेत. हिवाळ्यात खिडक्या बंद ठेवून रेडिएटरवर कपडे वाळवले की कोपऱ्यांत काळी बुरशी धरते आणि जाताना तिचे पैसे अनामतीतून कापतात. ती आधीपासून होती हे दाखवायला पहिल्या दिवसाचा फोटोच उपयोगी पडतो.

कागदांचा क्रम असा आहे. पहिल्याच आठवड्यात पासपोर्ट घेऊन विद्यापीठात प्रत्यक्ष नोंदणी. ती मुदतीत झाली नाही तर विद्यापीठाला सरकारला कळवावे लागते आणि व्हिसाच धोक्यात येतो. नोंदणी झाली की विद्यापीठाकडून बँकेच्या नावाचे पत्र मागावे, त्यावर तिथला पत्ता असावा. पत्ता बदलणार असेल तर पत्र नव्या पत्त्यानेच घ्यावे, कारण बँकेचे कार्ड पोस्टाने येते. घर किंवा नोकरी देणाऱ्याला व्हिसाची प्रत नको असते, ‘शेअर कोड’, म्हणजे व्हिसा ऑनलाइन तपासण्याचा क्रमांक, हवा असतो. तो आपल्या व्हिसा खात्यातून काढता येतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. पोलिसांकडे नोंदणी करण्याची अट २०२२ मध्येच उठली, तरी तिच्या नावाखाली शुल्क मागणारे अजून भेटतात.

दवाखान्याची नोंदणी आजारी पडेपर्यंत पुढे ढकलली जाते. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरलेलाच असतो. घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या डॉक्टरकडे, नाव घालायला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड पडतात. तातडीचे पण जिवावरचे नसेल तर १११, जिवावरचे असेल तर ९९९. पंचविशीच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना मेंदूज्वराची ‘एसीडब्ल्यूवाय’ लस मोफत मिळते, ती जीपीकडे मागून घ्यावी.

शहरातल्या प्रवासाची रीत एकदा समजली की महिन्याला बरेच पौंड वाचतात. बसमध्ये रोख चालत नाही, २०१४ पासून. कोल्हापूरच्या के.एम.टी. बससारखा कंडक्टर येऊन तिकीट फाडत नाही. चढताना ऑइस्टर (आधी पैसे भरून ठेवायचे प्रवासाचे कार्ड) किंवा बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड यंत्राला लावायचे, उतरताना लावायचे नाही. भुयारी रेल्वेत मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा लावावे लागते. डीएलआर या हलक्या रेल्वेच्या आणि काही छोट्या स्थानकांवर फाटकच नसते, नुसता यंत्राचा खांब उभा असतो. तिथे बाहेर पडताना विसरले की सर्वांत जास्त भाडे कापले जाते. एकच बँक कार्ड सकाळी प्लास्टिकचे आणि संध्याकाळी फोनमधले वापरले तर यंत्रणा ती दोन वेगळी कार्डे धरते आणि दिवसाच्या कमाल भाड्याची सवलत हातची जाते. मध्य लंडन टाळून ओव्हरग्राउंड रेल्वेने वळशाने जाणाऱ्यांनी गाडी बदलताना फलाटावरच्या गुलाबी यंत्राला कार्ड लावावे, नाहीतर झोन १ मधून (भाड्यासाठी आखलेल्या पट्ट्यांपैकी सर्वांत मधल्यातून) गेल्याचे भाडे लागू शकते.

बसचे भाडे अंतरावर नसते, एकच असते. २०२५ मध्ये ते १.७५ पौंड होते. पहिल्या बसला कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी दुसरे भाडे पडत नाही. वेळ हाताशी असलेल्या विद्यार्थ्याने रेल्वेऐवजी बस धरावी ती एवढ्यासाठी. विद्यार्थ्यांच्या ‘१८ प्लस’ ऑइस्टरवर ३० टक्के सवलत असते, पण ती आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा त्याहून मोठ्या पासवर, सुट्या प्रवासावर नाही. कॉलेज आठवड्यातून तीनच दिवस असेल तर पास महाग पडतो. अशांनी ‘१६-२५’ रेलकार्ड हे रेल्वेचे सवलतीचे कार्ड काढून स्थानकावरच्या कर्मचाऱ्याकडून ते ऑइस्टरला जोडून घ्यावे. गर्दीची वेळ सोडून सुट्या भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. कार्डाच्या नावात २५ असले तरी पूर्णवेळ शिकणाऱ्याला वयाची ती अट नाही. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात ही गर्दीची वेळ. बँकेच्या कार्डाला रेलकार्ड जोडता येत नाही.

भुयारी रेल्वेचा रंगीत नकाशा मुले पहिल्याच दिवशी पाठ करतात आणि त्यावरून अंतरे ठरवतात. तो अंतराचा नकाशाच नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे एक स्टेशन पायी चार-पाच मिनिटांचे आहे, लिफ्टची वाट पाहण्यात त्याहून जास्त वेळ जातो. शहराची वाहतूक पाहणाऱ्या ट्रान्सपोर्ट फॉर लंडननेच कोणत्या दोन स्थानकांत पायी किती मिनिटे लागतात याचा नकाशा काढला आहे, तो फोनमध्ये असावा. खोली शोधताना पिनकोडही फसवतो. ‘एसई१’ मध्यवर्ती आहे म्हणून ‘एसई२’ त्याच्या शेजारी असेल असे वाटते. पण एकच्या पुढचे आकडे भागांच्या नावांच्या वर्णक्रमाने दिलेले आहेत, आणि एसई२ म्हणजे झोन ४ मधले ॲबी वुड. ‘ई४’ म्हणजे चिंगफर्ड, पार उत्तरेच्या टोकाला. चर्च रोड, हाय स्ट्रीट ही नावे तर शहरभर पसरलेली आहेत, त्यामुळे पत्ता पिनकोडाशिवाय घेऊ-देऊ नये.

शहर ओळखीचे करायचे तर पहिल्या शनिवारी २४ क्रमांकाची बस धरावी आणि वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसावे. हॅम्पस्टेड हीथहून निघून कॅम्डेन, ट्रॅफल्गर स्क्वेअर, पार्लमेंट, व्हिक्टोरिया करत ती पिम्लिकोला जाते. पर्यटकांच्या बसचे पैसे वाचतात आणि उत्तर-दक्षिण दिशा डोक्यात बसते. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या सगळ्यांत मुख्य दालनांना प्रवेशशुल्क नाही. म्हणून एका दिवसात सगळे उरकू नये. एका वेळी दोन दालने पाहून बाहेर पडावे. ज्या कौन्सिलच्या हद्दीत राहतो तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व मोफत असते, आणि हिवाळ्यात अभ्यासाला ती उबदार जागा खोलीपेक्षा बरी पडते. किराण्यासाठी वेम्बलीचा ईलिंग रोड, साउथॉल, टूटिंग, ईस्ट हॅम यांतले जवळ असेल ते एकदा पाहून ठेवावे. तांदूळ, डाळ, कणीक तिथे सुपरमार्केटपेक्षा स्वस्त मिळते.

एक जागा कोल्हापूरच्या मुलाने चुकवू नये असे आम्हाला मनापासून वाटते. चॉक फार्म स्थानकापासून पायी जाता येईल असे १०, किंग हेन्रीज रोड हे घर. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. माणगावच्या १९२० च्या परिषदेनंतर त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरे करायला लंडनला गेले आणि त्यासाठी शाहू महाराजांनी त्यांना मदत केली. परक्या शहरात पहिल्या महिन्यात मन खचते तेव्हा त्या खोल्यांत उभे राहण्याने धीर येतो. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहाव्यात. डॉलिस हिलला १९३२ पासूनचे महाराष्ट्र मंडळ आहे. गणेशोत्सवात तिथे जाऊन यावे, ओळखी होतात. पण खोलीचा व्यवहार त्या ओळखीवर करू नये, करार तिथेही हवाच.

रस्त्यात नकाशा पाहायचा असेल तर फुटपाथच्या कडेला उभे राहू नये. ई-बाइकवरून येऊन हातातला फोन हिसकावणारे मध्य लंडनमध्ये आहेत. भिंतीकडे सरकावे किंवा दुकानात शिरावे. फोनमध्येच बँक, व्हिसा खाते आणि तिकीट असते, त्यामुळे एक चोरी सगळे बंद पाडते. व्हिसा खात्याचा पासवर्ड आणि कागदांच्या प्रती दुसरीकडेही हव्यात. ‘व्हिसात गडबड आहे, आत्ता पैसे भरा’ असा सरकारी खात्याच्या नावाने फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला विभागात विचारावे.

स्वयंपाकघराबद्दल लिहायलाच हवे, कारण वसतिगृहात पहिला दंड बहुधा फोडणीपायी होतो. स्वयंपाकघरात बहुधा उष्णतेवर वाजणारा आणि बाहेरच्या बोळात धुरावर वाजणारा अलार्म असतो. फोडणी करताना स्वयंपाकघराचे दार उघडे राहिले की मिरचीचा धूर बोळात जातो आणि रात्री अकराला अख्खी इमारत रस्त्यावर येते. तेव्हा दार लावायचे, खिडकी उघडायची, वरचा पंखा आधी चालू करायचा, तेल मध्यम आचेवर तापवायचे, मोहरी तडतडली की लगेच झाकण ठेवायचे आणि चटणी गॅसवरून उतरवल्यावर घालायची. अलार्मवर प्लास्टिक बांधण्याचा सल्ला देणारे भेटतील. तसे केल्यास खोली जाते, आणि आग लागली तर जीव. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, स्टीलचा इंडक्शन तळाचा न्यावा. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, त्यामुळे मिक्सर चालतो; फक्त तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर लागतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे. ते जड असल्याने किटलीत पांढरा थर साचतो, व्हिनेगर घालून उकळले की निघतो.

कामाबद्दल थोडक्यात. पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार धरतात आणि सगळ्या ठिकाणचे तास मिळून धरतात. एम.एस्सी.ची मुले इथेच चुकतात. वर्ग मे-जूनला संपतात म्हणून ‘सुट्टी लागली’ असे समजून ती ४० तास काम करतात, पण प्रबंध सादर होईपर्यंत त्यांचे बहुधा सत्रच चालू असते. तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्याव्यात. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून काम करायला बंदी आहे, म्हणजे जेवण पोचवण्याचे ॲप दुसऱ्याच्या नावाने चालवणे थेट व्हिसाचा भंग आहे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षे पूर्ण झालेल्यांना तासाला किमान १२.७१ पौंड मिळायला हवेत. रोखीत सात-आठ पौंड देऊ करणारा मुलाची अडचण विकत घेत असतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे तासभर मागे जातात आणि आपल्याशी असलेला साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. त्या दिवसांत मुले दिवसभर खोलीत पडून राहू लागतात, फोनवर आवाज बसका येतो. दिवसा तासभर तरी बाहेर चालणे आणि तिथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याप्रमाणे रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व, एवढे तरी ठरवून करावे. जाड कोट इथून नेण्याची गरज नाही. तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चांगला मिळतो, आणि पाऊस अडवणारे जॅकेट आतल्या थरांवर घातलेले जास्त उपयोगाचे. घरच्यांनी रात्री फोन करताना ‘काम लागले का’ हा प्रश्न पहिला महिनाभर विचारू नये. जीपीकडे नाव घातले का, करार वाचला का, आज कुठे चालून आलास, हे विचारावे.

आपल्या शिक्षणविषयक पानावर व्हिसा आणि शिष्यवृत्तीच्या माहितीबरोबर ही पहिल्या महिन्याची माहितीही जून-जुलैत क्रमशः यावी, अशी विनंती आहे. शिवाजी विद्यापीठाने आणि शहरातल्या महाविद्यालयांनी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, तिकिटे आणि खोल्यांचे पैसे जाण्याआधी, अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यावा. त्यात तिथे शिकून परतलेल्या मुलांना बोलवावे, भाडेकराराचा नमुना पडद्यावर लावून कलमे वाचून दाखवावीत, आणि पालकांनाही मुलांशेजारी बसवावे.

आपले,
परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे काही पालक व शिक्षक,
कोल्हापूर